लॅम्पवर्क मण्यांसाठी पिळाची कांडी: स्वतः ओढायची की विकत घ्यायची?

मणीमाळ
नमस्कार मंडळी, दीड वर्ष झालं लॅम्पवर्क करतेय, म्हणजे गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काच वितळवून मणी, साधे गोल, ठिपक्यांचे, फुलांचे असे बऱ्यापैकी जमायला लागलेत आणि आता मला पिळाच्या कांड्यांचं वेड लागलंय. म्हणजे ट्विस्टी हो, दोन-तीन रंगांचे पट्टे दोरीसारखे एकमेकांभोवती वळलेली बारीक कांडी, मण्याच्या पोटावर तिचा एक वेढा दिला की मणी एकदम वेगळाच दिसतो. आत्तापर्यंत मी विकतच घेत होते. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मिश्र रंगांची जुडी मागवली होती, दिसायला अप्रतिम, पण त्या कांड्या लावलेल्या अकरा मण्यांपैकी चार मणी पंधरा दिवसांत तडकले. भट्टीतून नीट बाहेर आले होते, डबीत ठेवले होते, आणि एक दिवस डबी उघडली तर बरोबर कांडीच्या कडेकडेनं तडा. इतकं वाईट वाटलं ना.

म्हणून आता वाटतंय स्वतःच ओढाव्यात. दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा मधे केसासारखी बारीक आणि टोकांना गोळे, आणि पीळ म्हणाल तर सगळा एकाच जागी गच्च बसलेला, बाकी कांडी सरळसोट. तर विकतच्या कांडीचं नेमकं काय चुकलं असेल, आणि पीळ सगळीकडे सारखा यायला काय करायचं? वेळ आणि काच दोन्ही घालवायची तयारी आहे.

निळी_ज्योत
मणीमाळताई, तडा कांडीच्या कडेकडेनं गेला म्हणताय त्यातच उत्तर आहे. मणी झटक्यात गार झाल्यामुळे तडकला तर तडा साधारणपणे आरपार जातो, मधे कुठला रंग येतो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दोन काचांच्या सीमेवरूनच तडा चालला असेल तर बहुतेक वेळा त्या काचांचं आपसात जमत नाही. तुमची मूळ काच कुठली, १०४ ना? आणि जुडीवर काय लिहिलं होतं?

मणीमाळ
हो, माझी सगळी १०४ची, बरीचशी एफेट्रे कंपनीची आणि थोडी क्रिएशन इज मेसी कंपनीची. जुडीवर फक्त 'सॉफ्ट ग्लास' लिहिलं होतं, मी धरून चालले की १०४च असणार.

निळी_ज्योत
इथेच घोटाळा झाला. सॉफ्ट ग्लास म्हटलं की ९० पण आली, ९६ पण आली आणि १०४ पण आली. हे आकडे म्हणजे तापल्यावर काच किती फुगते आणि गार होताना किती आकसते त्याचं माप. १०४ची एक मीटर कांडी एका अंशानं तापली की १०.४ मायक्रोमीटरनं वाढते, ९०ची ९ मायक्रोमीटरनं, आणि बोरोसिलिकेट, म्हणजे कडक काच, फक्त ३.३. ऐकायला अगदीच किरकोळ वाटतं, पण मणी साधारण ५०० अंशांवरून गार व्हायचा असतो, तेवढ्यात २० मिलिमीटरच्या मण्यात १०४ आणि ९० यांच्या आकसण्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडा जास्त फरक पडतो. काच ताणली जात नाही ना, ती मोडते. कधी लगेच, कधी पंधरा दिवसांनी, कधी कुणाच्या गळ्यात गेल्यावर.

उरलेल्या कांड्या फेकू नका, तपासून बघा. तुमची एक साधी कांडी आणि ती शंकेची कांडी, दोघींची टोकं तापवून शेजारी शेजारी चिकटवायची, एकमेकींत मिसळू द्यायची नाहीत, दोन पट्टे वेगळे दिसले पाहिजेत. मग तापवून चिमट्यानं धरून केसाएवढी तार ओढायची, हातभर, आणि गार होईपर्यंत ताणून धरायची. सोडल्यावर तार सरळ राहिली तर जमतंय. धनुष्यासारखी वाकली तर नाही, आणि जी काच जास्त आकसते ती बाकाच्या आतल्या बाजूला असते. दोन मिनिटांचं काम आहे, नवीन कुठलीही काच आली की मी आधी हेच करते.

ओवी
ही तारेची युक्ती मला माहीतच नव्हती!! मी आजपर्यंत फक्त लेबलवर विश्वास ठेवायचे.

सावकाश
तार चाचणीबद्दल सहमत. एक भर घालतो. आकडा सारखा असला म्हणजे सगळं जमलंच असंही नाही, दोन काचा कुठल्या तापमानाला घट्ट होतात तेही महत्त्वाचं, त्यामुळे १०४ लिहिलेल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या काचाही मोठ्या प्रमाणात एकत्र वापरायच्या असतील तर एकदा तपासलेल्या बऱ्या.

आता ओढण्याबद्दल. मणीमाळ, तुमचं वर्णन वाचून दोन गोष्टी दिसतात. ज्यातून कांडी ओढता तो काचेचा गोळा आतपर्यंत सारखा तापलेला नव्हता, आणि ज्योतीतून बाहेर काढल्या काढल्या तुम्ही ओढायला लागलात. बरोबर का?

मणीमाळ
अगदी बरोबर. मला भीती वाटते की गार होईल, म्हणून बाहेर काढलं की लगेच ओढते.

सावकाश
ती भीती सगळ्यांना वाटते आणि तिथेच कांडी बिघडते. गोळा ज्योतीतून बाहेर काढला त्या क्षणी त्याचं वरचं कातडं सगळ्यात जास्त तापलेलं असतं, कुठे कमी कुठे जास्त. तेव्हाच ओढलं की जिथे जास्त तापलंय तिथून सगळी काच सुटते आणि बाकीचं बसून राहतं. पीळही तसाच, सगळ्यात मऊ जागा सगळा पीळ खाऊन टाकते. म्हणून बाहेर काढायचं, आडवं धरायचं, फिरवत राहायचं आणि थांबायचं. मी मनात पाच मोजतो, मोठा गोळा असेल तर आठ. तेवढ्या वेळात वरचं कातडं जरा आवळतं आणि आतली उष्णता सगळीकडे सारखी पसरते. झळाळता नारिंगी रंग जरा मंदावला की मग सुरुवात, आणि सुरुवात पिळानं, ओढण्यानं नाही. दोन्ही हातांनी उलट्या दिशेला पीळ द्यायला लागायचं, हळू, आणि गोळा पिळायला लागला असं डोळ्यांनी दिसलं की मग दूर नेत जायचं. पहिले चार-पाच इंच अगदी सावकाश, नंतर काच घट्ट होत जाते तसा जोर वाढवायचा.

बारीक झालेली जागा लवकर गार होते, गार झाली की ती ओढली जायची थांबते, मग शेजारची जाड जागा ओढली जाते, म्हणजे काच बऱ्याच अंशी स्वतःच स्वतःला सारखी करते. तुम्ही घाई केली तर तिला ती संधीच मिळत नाही. एखादी जागा फारच बारीक होतेय असं वाटलं तर तिथे हलकी फुंकर मारा. फुंकरीनं ती जागा तिथल्या तिथे अडते.

आणि शेवटी, कांडी पूर्ण घट्ट होईपर्यंत ताण सोडायचा नाही. खाली ठेवायची घाई केली की ती वाकते.

मणीमाळ
केवढं नीट सांगितलंत, आभार. गोळा केवढा घ्यायचा? आणि पट्टे किती? मी जाड रॉडचे दोनच पट्टे चिकटवले होते.

सावकाश
हिशोब करून बघू. गोळा १५ मिलिमीटर जाड आणि २५ मिलिमीटर लांब असा घडवला आणि ३ मिलिमीटरची कांडी ओढली तर जाडी पाचपटीनं कमी झाली, म्हणून लांबी पाचाच्या वर्गानं वाढणार, पंचवीस पट. म्हणजे ६२ सेंटीमीटरच्या आसपास. टोकांचं वाया जातं, हातात पन्नासेक येतात. सुरुवातीला याहून मोठा गोळा घेऊच नका, हात पुरत नाहीत आणि मधला भाग खाली झोळतो.

पिळाचा हिशोब असाच. दोनच पट्टे असतील तर पीळ गच्च दिसायला खूप वेढे लागतात. चार पट्टे घ्या. १२ मिलिमीटरमध्ये एक पूर्ण वेढा बसला तरी डोळ्याला दर ३ मिलिमीटरवर पट्टा दिसतो. साठ सेंटीमीटरमध्ये असे पन्नास वेढे झाले, दोन हातांत वाटले तर हाताला पंचवीस. आपल्याला वाटतं पाच-सहा वेढ्यांत काम होईल, पण ओढताना पीळही लांबतो, तो विरळ होत जातो. म्हणून बोटं थांबवायची नाहीत, ओढत ओढत पिळत राहायचं.

कांडीवाला
सावकाश यांनी तंत्र छान सांगितलं, पण मला विकत घेण्याच्या बाजूनं बोलायचंय कारण इथे लगेच 'स्वतःच करा' असा सूर लागतो. मी आठ वर्षं मणी करतोय आणि अजूनही निम्म्या ट्विस्टी विकत घेतो. जी व्यक्ती रोज फक्त कांड्याच ओढते तिच्या हाताला जो सारखेपणा येतो तो मला महिन्यातून एकदा बसून येणार नाही, आणि मला तो वेळ मणी करायला हवा असतो. एकाच माळेत चाळीस मण्यांवर तोच पीळ हवा असेल तर विकतची कांडी खरंच सोयीची.

फक्त घेताना विचारून घ्यायचं. काचेचा आकडा आणि कंपनी, हे लेखी. पट्ट्यांत कुठले रंग आहेत ते नावानिशी, कारण काही रंग एकमेकांशी भांडतात. जाडी किती ते मिलिमीटरमध्ये, आणि फोटो पट्टीशेजारी ठेवून काढलेला. वजनावर विकत असतील तर टोकांचे गोळे काढलेत की तसेच आहेत ते विचारा, त्या गोळ्यांचं वजन भरपूर असतं आणि मण्यासाठी त्यांचा उपयोग शून्य. वरून पारदर्शक काचेचा थर आहे का नाही तेही. जो विक्रेता या प्रश्नांना नीट उत्तर देतो त्याच्याकडून आधी एकच कांडी घ्या, तार चाचणी करा, दोन मणी करून महिनाभर ठेवा, मग जुडी मागवा.

किरमिजी
रंग भांडतात म्हणजे काय? तडे जातात?

कांडीवाला
नाही नाही, तडे नाही, रंग बदलतो. हस्तिदंती काचेत गंधक असतं आणि फिरोजीत तांबं, दोघं गरम असताना शेजारी आले की सीमेवर गडद राखाडी-काळी रेघ उमटते. साध्या मण्यावर ती रेघ फार सुंदर दिसते, काही जण मुद्दाम तेच करतात. पण पिळाच्या कांडीत पट्टेच मुळात अर्ध्या मिलिमीटरचे, तिथे ती रेघ सगळा पट्टा खाते आणि कांडी मळकट दिसते. मी पहिल्यांदा हस्तिदंती-फिरोजी पीळ ओढला तेव्हा मला वाटलं ज्योत खराब झालीये, टॉर्च खोलून साफ केला.

निळी_ज्योत
कांडीवाला दादा, तुमचं पटतं, पण मी तरी नवीन माणसाला सांगेन की आधी वीस-पंचवीस कांड्या स्वतः ओढा आणि मग विकत घ्यायचं ठरवा. ओढल्याशिवाय विकतची कांडी वाचताच येत नाही. पीळ कुठे विरळ झालाय, पट्टा कुठे दबलाय, आत हवेची रेघ आहे का, हे डोळ्याला कळायला एकदा स्वतःच्या हातून बिघडावं लागतं. हवेचंच घ्या, पट्टा चिकटवताना खाली फट राहिली की बुडबुडा अडकतो, आणि ओढल्यावर त्या एका बुडबुड्याची हातभर लांब चंदेरी रेघ होते. नवीन माणसाला ती नक्षी वाटते. आणि मण्यावर तापवलं की तिथून काच फुगते.

मणीमाळताई, अजून एक. तुम्ही पट्ट्यांना अख्खा रॉड वापरलात, तो ५-६ मिलिमीटरचा असतो, त्यानं गोळा वेडावाकडा होतो. आधी रंगाच्या २ मिलिमीटरच्या तारा ओढून ठेवा, स्ट्रिंगर, आणि त्या गोळ्यावर लांबीच्या दिशेनं बसवा. एका टोकापासून सुरू करून दाबत दाबत न्यायचं, म्हणजे खालून हवा निघून जाते. चारही पट्टे बसले की सगळं मिळून हळू तापवत गुळगुळीत करायचं.

जुनीकाच
धागा आवडला. जरा मागचं सांगतो, कारण हे काम किती जुनं आहे ते कळलं की हातात कांडी धरताना वेगळं वाटतं. व्हेनिसनं १२९१ साली काचेच्या भट्ट्या आगीच्या भीतीनं मुरानो बेटावर हलवल्या. तिथल्याच कातानी भावांनी, त्यांच्या कारखान्याची खूण जलपरी होती, १५२७ साली सरकारकडे पीळ दिलेल्या धाग्यांच्या काचेसाठी हक्क मागितला होता. म्हणजे आपण ज्याला ट्विस्टी म्हणतो त्याचा कागदोपत्री उल्लेख जवळजवळ पाचशे वर्षांचा झाला. तिकडे या पिळाला रेतोर्ती म्हणतात, आणि झानफिरिको हे दुसरं नाव पडलं ते १९ व्या शतकातल्या सांक्विरिको नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यावरून, त्यानं या जुन्या कामाच्या नकला करवून घेतल्या होत्या.

भट्टीवर कांडी ओढायला दोन माणसं लागतात. गोळा दोघांच्या सळयांना अडकवलेला, एक जण जागेवर पीळ देत उभा आणि दुसरा उलट्या पावली लांब जात राहतो, कित्येक मीटर, आणि ओढलेली कांडी खाली लाकडी पट्ट्यांवर उतरते. टॉर्चवर आपण दोन हातांत जे करतो ते हेच आहे.

ओवी
वाह, दोन माणसं उलट्या पावली, चित्रच उभं राहिलं डोळ्यासमोर. एक प्रश्न, मी ज्योतीतच ठेवून पिळते, थोडं थोडं तापवत पुढे सरकत, ते चुकीचं का?

सावकाश
चुकीचं अजिबात नाही, ती दुसरी पद्धत. दोन रॉड शेजारी चिकटवून ज्योतीत एकेका सेंटीमीटरला तापवत पिळत जायचं. पीळ फार गच्च मिळतो, अगदी दोरासारखा, आणि मोठा गोळा सांभाळावा लागत नाही. पण जाडी सारखी राहणं अवघड, आणि पारदर्शक गाभ्याचा जो खोल पीळ असतो, आत बघितल्यासारखा, तो या पद्धतीत नीट येत नाही. मी सरावासाठी सगळ्यांना आधी हेच सांगतो, बोटांना दोन्ही बाजूंनी सारखा वेग ठेवायची सवय लागते.

गाभ्याबद्दल राहिलंच, म्हणजे ज्या गोळ्यावर पट्टे बसवतो ती मधली काच. गाभा अपारदर्शक असेल तर पट्टे फक्त वर दिसतात, खांबाला रंगीत फीत गुंडाळल्यासारखे. गाभा पारदर्शक असेल तर पलीकडचा पट्टाही आतून दिसतो आणि दोन्ही मिळून जाळी दिसते. आणि गाभा गोल न ठेवता चपटा करून त्याच्या दोन कडांनाच रंग लावला आणि मग पिळला तर आत फीत फिरल्यासारखी दिसते. ज्योतीत नवीन आलेल्यांना बहुतेक हाच चपटा प्रकार आवडतो कारण दोनच पट्टे लागतात.

मणीमाळ
(चार दिवसांनी)
अहवाल द्यायला आले. आधी ती जुडी तपासली. सहा प्रकारच्या कांड्या होत्या, दोघींची तार सरळ, चौघींची धनुष्यासारखी, आणि बाकाच्या आत माझी १०४. म्हणजे त्या चार कमी आकड्याच्या आहेत. निळी_ज्योतताई, शंका फिटली. विक्रेत्याला लिहिलंय, बघू.

मग ओढायला बसले. पारदर्शक गाभा, दोन पट्टे पांढरे, दोन काळे. मोजले पाच. मला ते पाच आकडे तासासारखे वाटले आणि मग पीळ द्यायला सुरुवात केली तर गोळा खरंच सावकाश, जड मधासारखा फिरायला लागला, मी श्वास रोखून बघत होते. ४७ सेंटीमीटर आली!! मधला हातभर भाग सारखा, एका टोकाला जरा विरळ.

पण दोन तक्रारी. काळा पट्टा काळा राहिलाच नाही, उजेडात धरला तर जांभळा दिसतोय. आणि टोकाचा गोळा टेबलावर ठेवला तो पाच मिनिटांत टचकन फुटला, तुकडा लांब उडाला. कांडीपण अशीच फुटणार का, तिलाही भट्टीत घालायला हवं का?

निळी_ज्योत
४७ सेंटीमीटर पहिल्याच नीट प्रयत्नात, अभिनंदन ताई, मनापासून!

जांभळ्याचं असं आहे की मऊ काचेतला साधा काळा हा बऱ्याचदा मुळात अतिशय गडद जांभळा असतो, जाड असताना काळा दिसतो, बारीक ओढला की खरा रंग बाहेर येतो. तारा आणि पीळ यांच्यासाठी वेगळा गडद काळा मिळतो तो घ्या. असंच सगळ्या पारदर्शक रंगांचं, ३ मिलिमीटरच्या कांडीत अर्ध्या मिलिमीटरचा पारदर्शक निळा जवळजवळ दिसतच नाही. पिळात पट्टा नेहमी हवा त्यापेक्षा गडद घ्यायचा, किंवा अपारदर्शक.

गोळा फुटला ते साहजिक आहे. जाड काच बाहेरून आधी गार होते, आत ताण राहतो. ३-४ मिलिमीटरपर्यंतच्या कांडीला भट्टी लागत नाही, ती सगळीकडून जवळजवळ एकदमच गार होते. पण टोकाचे गोळे लगेच ज्योतीनं वेगळे करा आणि पाण्याच्या भांड्यात टाका, टेबलावर मोकळे ठेवू नका. आणि कटरनं कांडी तोडताना चष्मा हवाच, टोक खाली धरून तोडा, बारीक कपच्या कुठेही उडतात. डिडिमियमचा चष्मा वापरताय ना? सोडियमचा पिवळा भडका कापला गेला नाही तर गोळ्याचा नारिंगी मंदावला की नाही ते कळणारच नाही.

मणी मात्र भट्टीतूनच काढायचा, १०४ला ५१०-५२० अंशांच्या आसपास, त्यात सवलत नाही.

किरमिजी
मी हा धागा वाचून काल पहिल्यांदा बसले. गोल्डस्टोनचे पट्टे घातले होते, चमचम यावी म्हणून. सगळं तपकिरी झालं, चमक गायब. काय चुकलं?

कांडीवाला
गोल्डस्टोनची चमक म्हणजे काचेच्या पोटातले तांब्याचे बारीक स्फटिक. थेट ज्योतीत फार वेळ राहिलं की ते स्फटिक जातात आणि मागे तपकिरी काच उरते. आधी गोल्डस्टोनची कांडी पारदर्शक काचेनं सगळीकडून झाका, मग त्याची तार ओढा, आणि ती तार पट्टा म्हणून वापरा. ज्योतीच्या टोकाकडे, लांब, मंद तापवा. एवढं केलंत तर पिळात जी चमक येते ना, तिच्या तोडीची दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

किरमिजी
आज झाकून केलं, चमकतंय. डोळे भरून बघतेय.

मणीमाळ
(पुन्हा आठवड्यानं)
मंडळी, आता लावण्याचा प्रश्न. कांड्या जमायला लागल्या, आत्तापर्यंत चौदा झाल्या. पण मण्यावर वेढा दिला आणि गुळगुळीत करायला तापवला की पट्टे फिस्कटतात, एकमेकांत मिसळतात, आणि पीळ दिसतच नाही.

सावकाश
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, काचेचं नेमकं उलटं आहे, जरा जास्त तापली की आधी पीळच जातो.

कांडी ज्योतीत नेऊ नका. मणी ज्योतीच्या खालच्या कडेला गरम ठेवायचा आणि कांडी ज्योतीच्या बाजूनं आणायची, म्हणजे तिचं फक्त टोक, मण्याला टेकतं तेवढंच, मऊ होईल. ती वाकेल एवढी मऊ हवी, वितळेल एवढी नाही. टेकवली की मणी फिरवत जायचा आणि कांडी त्याच्यावर अंथरत जायची, ओढायची नाही, ओढली की बारीक होते. वेढा पूर्ण झाला की सुरुवातीच्या टोकापाशी बारीक ज्योतीनं कांडी तोडायची. अंथरतानाच बोटांत कांडी तिच्या पिळाच्या दिशेनं फिरवली तर पीळ आणखी गच्च होतो, उलट फिरवली तर सैल. सैल झालेला भाग असा तिथल्या तिथे सुधारता येतो.

आणि पूर्ण सपाट करायचा हट्ट सोडा. थोडा उठावदार राहिला तर छानच दिसतो. सपाटच हवा असेल तर वरून पारदर्शक काचेचा थर द्या, पीळ आत सुरक्षित राहतो आणि भिंगातून बघितल्यासारखा मोठा दिसतो.

मणीमाळ
जमलं. खरंच जमलं. आता शेवटचा प्रश्न, त्रास देते पण. मला दोन वेढे शेजारी शेजारी देऊन वेणीसारखी नक्षी हवी आहे, एकात पट्टे इकडे झुकलेले आणि दुसऱ्यात तिकडे. मी तीच कांडी दुसऱ्या वेढ्याला उलट्या टोकानं लावली, तरी दोन्ही एकाच बाजूला झुकलेले दिसतात. डोकं चालेना झालंय.

निळी_ज्योत
अगं ताई, कांडी उलटी केली तरी पीळ उलटत नाही. दोरीचा तुकडा हातात घेऊन बघ, वरचं टोक खाली केलं तरी पीळ तसाच झुकलेला दिसतो. डावा पीळ कुठूनही डावाच. वेणी हवी तर दोन वेगळ्या कांड्या लागतात, एक उजव्या पिळाची, एक डाव्या. दोन गोळे एकसारखे कर, पट्टे मोजून तेवढेच, आणि दुसऱ्याला हात उलट फिरव. हे सगळ्यात अवघड जातं कारण बोटांना एकाच दिशेची सवय झालेली असते. विकत घेताना पण जोडी मागायची असते, डावी-उजवी, नाहीतर सगळ्या एकाच पिळाच्या येतात.

कांडीवाला
मी जोडी मागवायला विसरलो होतो, दोन वर्षं एकाच पिळाच्या कांड्या वापरल्या. लक्षातच आलं नव्हतं.

मणीमाळ
काल डाव्या पिळाची कांडी ओढली. पहिल्या दोन बिघडल्या, मधेच हात आपोआप जुन्या दिशेला फिरायला लागले आणि त्या जागी पट्टे सरळ होऊन परत उलटे वळले. तिसरी नीट आली, ४० सेंटीमीटर, मी ती पहिलीशेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले.

आज सकाळी मणी केला. फिरोजी पोट, त्यावर दोन वेढे, पांढरा आणि गडद निळा, मधे बरोबर जोड. पट्टे जिथे भेटतात तिथे टोकदार बाण दिसतात, एकामागे एक, मण्याभोवती सगळीकडे. एका जागी जोड अर्धा मिलिमीटर सरकलाय, तिथे बाण तुटतो. आत्ता मणी भट्टीत आहे. उद्या फोटो टाकते, आणि पुढच्या गोळ्याला सहा पट्टे घेऊन बघणार आहे, चारपेक्षा बाण बारीक येतील ना, सावकाश?

सावकाश
येतील. स्ट्रिंगर दीड मिलिमीटरच्या घ्या आणि सात मोजा.